ग्लासगोच्या पोराचा प्रश्न आणि आपले अचलपूर



आमच्या कार्यालयातल्या एका शिपाईमित्राचा मुलगा शासनाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरी शिकायला गेला आहे. घर अकोल्याचे, बाप चतुर्थ श्रेणी कर्मचारी, आई शिवणकाम करणारी. तेव्हा त्याचा फोन आला की आमच्या अर्ध्या कार्यालयाचे काम थांबते, हे वेगळे सांगायला नको. मागे एका रविवारी तो तिकडच्या एका लहानशा गावी फिरायला गेला आणि तिथले पंधरा-वीस फोटो त्याने बापाच्या मोबाईलवर पाठवले. गावाचे नाव न्यू लॅनार्क. ग्लासगोपासून चाळीसेक किलोमीटर, क्लाइड नदीच्या काठी. राजवाडा नाही, किल्ला नाही, मोठे चर्चही नाही. आहे काय, तर एक बंद पडलेली सूतगिरणी आणि कामगारांच्या चाळी!

१७८६ च्या सुमारास डेव्हिड डेल नावाच्या व्यापाऱ्याने नदीच्या पाण्याच्या जोरावर चालणारी ही गिरणी उभी केली. पुढे १८०० साली त्याचा जावई रॉबर्ट ओवेन याने कारभार हाती घेतला. दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणे त्याने बंद केले आणि १८१६ साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. सहकारी चळवळीचा इतिहास वाचणाऱ्यांना ओवेन ठाऊकच असेल. ही गिरणी १९६८ साली बंद पडली. गाव ओस पडायला लागले तेव्हा काही लोकांनी संस्था काढून एकेक इमारत दुरुस्त करून घेतली. २००१ साली युनेस्कोने गिरणीसकट अख्खे गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. कामगाराची खोली कशी होती, पोरे कुठे निजत, हे पाहायला आता लोक तिकीट काढून जातात.

फोटो पाठवून झाल्यावर पोराने मला विचारले, "काका, आपल्या इकडे असं काही हाय काय?"

मी तोऱ्यात म्हणालो, "आहे ना! अचलपूर आहे." आणि पुढे काय सांगावे ते सुचेना. सतरा वर्षांपासून मी अचलपूर-परतवाड्याचा जावई. इतक्या खेपा झाल्या, पण सासुरवाडीचा पाहुणचार, लग्न, साक्षगंध, तेरवी यापलीकडे गाव पाहिले नव्हते. हौज कटोरा सासऱ्यांच्या घरापासून जेमतेम तासाच्या पायी वाटेवर, तोही पाहिला नव्हता. मनात ओशाळलो. दिवाळीच्या सुट्टीत सौभाग्यवती आणि आठवीतली मुलगी यांना घेऊन दोन दिवस मुक्कामच ठोकला. त्याचा हा हिशेब.

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून आमच्या घरात प्रवासाचा निर्णय मी घेत नाही, घरची घेते. रस्त्यात आधी वलगाव लागते. वलगावच्या पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबरचे, म्हणजे मध्ये अवघे चौदा दिवस. आमच्या आजीला हे दोन्ही दिवस एकाच मोठ्या दुखण्यासारखे आठवत. पुढे आसेगावला पूर्णा ओलांडली की समोर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. संत्र्याच्या बागा सुरू होतात.

आता इतिहास. अचलपूरचे नाव जुने आहे. सातव्या शतकात राष्ट्रकूट घराण्यातल्या नन्नराजाने इथून ताम्रपट दिलेला आहे. पण माझे मन अडकले ते त्याहून दोनेकशे वर्षे जुन्या ताम्रपटात. अचलपूरजवळ चमक नावाचे खेडे आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात शेत नांगरताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट निघाले. काळ पाचव्या शतकाचा. गावाचे नाव त्यात चर्मांक असे आहे. मजकूर काय, तर राजाने हे गाव, मोजून आठ हजार भूमी जमीन, एक हजार ब्राह्मणांना दान दिले. शिवाय सवलती. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावाने गाई-बैल द्यायचे नाहीत, फुले-दूध द्यायचे नाही, येणाऱ्या अंमलदारांना चारा, बसायला कातडी आणि कोळसा पुरवायचा नाही. गावाला सर्व प्रकारची वेठ माफ. अट एवढीच की या मंडळींनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये. तसे केल्यास दान परत घेतले तर राजाला दोष नाही!

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, संस्कृताचा पंडित नव्हे. पण माफी कशाची लिहितात, एवढे कारकुनाला कळते. जी वसुली चालू असते तिचीच माफी लिहितात. म्हणजे माफी नसलेल्या सगळ्या गावांतून कातडी जात होती, कोळसा जात होता, वेठ घेतली जात होती. ती कातडी कोण कमावत होते आणि तो कोळसा कोण पाडत होते, त्यांची नावे ताम्रपटावर नाहीत. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, तेव्हा ज्या वेठीबद्दल ते बोलत होते तिच्या जातीची एक जुनी नोंद अशी आपल्या वऱ्हाडातच, तांब्यावर कोरलेली आहे. चमकच्या फाट्यावर मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, "बाबा, पुस्तकात तर वाकाटकांच्या काळी सुवर्णयुग होतं असं आहे." मी म्हटले, असेल. कोणाच्या घरी होते तेही लिहून घे.

याच पट्ट्यातली दुसरी गोष्ट मात्र वेगळ्या चवीची. अचलपूरहून फार दूर नाही ते रिद्धपूर, महानुभावांचे. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू होते. मातंगांना पाणी मिळत नव्हते म्हणून त्यांच्यासाठी विहीर खणवल्याची हकीकत त्यांच्या चरित्रात येते. म्हाइंभटांचे लीळाचरित्र याच गावी तयार झाले आणि आता तिथे मराठी भाषेचे विद्यापीठही सुरू झाले आहे. पण रिद्धपूरवर एक वेगळा लेखच लिहावा लागेल, म्हणून इथे थांबतो.

सुलतानांच्या काळात अचलपूर एलिचपूर झाले आणि चक्क राजधानी झाले. बहमनी राज्य फुटले तेव्हा १४९० साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने वऱ्हाडात स्वतंत्र सत्ता मांडली. हा माणूस मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लढाईत पकडून आणलेला हिंदू मुलगा. धर्म बदलला, चाकरी केली, सुभेदार झाला, शेवटी राजा झाला. आमच्या मुलीला सगळ्या इतिहासात हीच गोष्ट जास्त आवडली. गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातला नरनाळा हे या इमादशाहीचे दोन मोठे आधार. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य गिळले आणि पुढे १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले.

हौज कटोरा त्या सुलतानी काळातला. गावाच्या पश्चिमेला शेतांमधून गेले की एक मोठा हौद आणि त्याच्या मधोमध आठ बाजूंचा, तीन मजली, कमानींचा मनोरा. बेगमेसाठी बांधला असे लोक सांगतात. पाण्यात उतरलेले त्याचे प्रतिबिंब पाहायचे असेल तर पावसाळ्यानंतर जावे. आम्ही गेलो तेव्हा पाणी थोडे, गवत फार. दोन पोरे मनोऱ्याच्या कमानीत बसून मोबाईल पाहत होती. भिंतीवर बदाम आणि बाणांची कोरीव कामे आधुनिक काळातली! मुलीने वहीत मनोऱ्याचे चित्र काढले, कमानी मोजल्या आणि विचारले, "आणि हा हौद कोणी खणला?" तासभर गवतात बसलो, पण उत्तर देता आले नाही. गावात दुल्हा रहमान शहा यांचा दर्गा आहे, दुल्हा दरवाजा आहे, जुन्या तटाचे तुकडे आहेत. दर्ग्यावर सगळ्या जातीधर्माचे लोक येताना दिसले.

यानंतर स्कॉटलंडचा संबंध येतो. ग्लासगोच्या पोराने हे ऐकले तेव्हा तो फोनवरच ओरडला. १८०३ साली इंग्रज आणि मराठे यांची लढाई वऱ्हाडात झाली. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसले-शिंद्यांच्या फौजांचा पराभव झाला. तिथून जनरल वेलस्ली एलिचपूरला आला आणि गाविलगडाला वेढा पडला. डोंगरातून जड तोफा ओढत नेण्यासाठी सैनिकांनी आणि बिगाऱ्यांनी वाट फोडली. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला भगदाड पडले, पण आतला तट शाबूत होता. तेव्हा ९४ व्या पलटणीची, म्हणजे स्कॉच ब्रिगेडची, एक तुकडी घेऊन कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून वर चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, याच भागातल्या देवगावला भोसल्यांशी तह झाला आणि भोसल्यांचा कटकचा मुलूख इंग्रजांना गेला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. म्हणजे ओरिसापासून दिल्लीपर्यंतच्या मुलखाचे भवितव्य आपल्या एका तालुक्याएवढ्या जागेत, दोन आठवड्यांत ठरले. अंजनगाव म्हटले की आम्हाला विड्याचे पान आणि पानपिंपळीच आठवते. तहाच्या गावी तहाची पाटी मला तरी कुठे दिसली नाही.

परतवाडा म्हणजे छावणीचे गाव. निजामाच्या पदरी इंग्रजांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिंजंट फौज होती. तिचा खर्च निजामाला झेपेना, कर्ज चढत गेले आणि त्यापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. १९०२ साली तर वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला. अख्खा प्रांत, माणसांसकट, गहाणखतात! एलिचपूर तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०१ साली शहराची लोकसंख्या २६,०८२ होती. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून गेली, कापसाच्या पेढ्या अमरावती-अकोल्याला भरभराटल्या आणि जुनी राजधानी कोपऱ्यात पडली. १९०५ साली जिल्हाही मोडून अमरावतीत मिळवला. आपला जिल्हा परत द्या, ही अचलपूरकरांची मागणी तेव्हापासूनच्या दुखण्यातून आलेली आहे. २०११ च्या जनगणनेत परतवाड्यासह नगरपालिकेची वस्ती १ लाख १२ हजारांच्या आसपास होती. दोन गावांमधली मोकळी जागा आता घरांनी भरली आहे. कुठे अचलपूर संपते नि परतवाडा लागतो, हे फक्त रिक्षावाल्याला भाडे सांगताना कळते.

परतवाड्याचा लाकूडबाजार नामांकित. मेळघाटचे सागवान इथे उतरायचे. माझे सासरे आयुष्यभर आरा मशीनवर कामाला होते. उजव्या हाताचे एक बोट अर्धे आहे. लाकडाचा तुकडा नुसता हुंगून ते झाड सांगतात. त्यांच्याबरोबर बाजारातून चालताना त्यांनी एका दुकानात ठेवलेल्या पलंगाच्या पायाला हात लावला आणि दुकानदाराला म्हणाले, "हे सागवान नोय जी." दुकानदार हसला. नाही म्हणाला नाही. थंडीत मेळघाटातल्या कोरकू बाया टोपल्यात सीताफळे घेऊन रस्त्याकडेला बसतात. त्यांच्याशी घासाघीस करू नये, असे आमच्या सासूबाईंचे फर्मान आहे आणि ते मला पटते.

आता रेल्वे. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, आपली शकुंतला! किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनीपर्यंत नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर असे फाटे बांधले. स्वातंत्र्यानंतर सगळी रेल्वे सरकारी झाली, पण हे रूळ कंपनीच्याच मालकीचे राहिले आणि त्यांच्या वापराचे पैसे सरकार कंपनीला देत राहिले. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून इथे धावले ते १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन येईपर्यंत. मी ते इंजिन पाहिले आहे, त्याच्या कोळशाचा कण डोळ्यात जाऊन रडलोही आहे. लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, कापूसतळणी, पथ्रोट अशी एकेक ठेसनं घेत ती जायची. एकाच माणसाने तिकीट द्यायचे आणि फाटकही लावायचे. गरिबाच्या लग्नाचे वऱ्हाड शकुंतलेने जायचे. आमच्या मामेबहिणीची पाठवणीही तशीच झाली. नवरीची पेटी, गादी, तांब्याचा हंडा, दोन बोकडं, सगळे एका डब्यात.

आता ती बंद आहे. रूंद रूळ टाकण्याच्या घोषणा झाल्या, २०१६ साली त्यासाठी कोटींचे आकडेही छापून आले. दर निवडणुकीला शकुंतलेची शिट्टी भाषणात तेवढी वाजते.

आणि गिरणी. अचलपूरला जुनी विदर्भ मिल होती. ती बंद पडल्यावर तिच्याच जागेवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईची फिनले मिल आणून उभारली. आता फिनले हे नाव कुठले, तर ग्लासगोचेच! जेम्स फिनले ही तिथली जुनी कापूस-कापडाची कंपनी, मुंबईची गिरणी तिने काढलेली. स्कॉटलंडच्या डीन्स्टन गावीही तिची गिरणी होती. ती १९६५ मध्ये बंद झाली आणि तिथे दारूचा कारखाना निघाला, पण इमारत राहिली. अचलपूरची फिनले मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. त्यानंतर कामगारांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, चिमणीवर चढून आंदोलन केले. सासऱ्यांच्या गल्लीत मिलची चार घरे आहेत. एक जण आता पोळ्याच्या दिवसांत बैलांचा साज विकतो, एक पुण्याला सुरक्षारक्षक आहे. मिलचा भोंगा वाजायचा तेव्हा गल्लीतल्या बायका त्यावर वरण चुलीवर ठेवायच्या, असे सासूबाई सांगत होत्या.

मी ग्लासगोच्या पोराला हे सगळे फोनवर सांगितले. फोटोही पाठवले. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, इथं बंद मिलमधल्या कामगाराची खोली दाखवायला ठेवली हाय. तिथं मिलचा माणूस अजून जिवंत हाय, तर त्याले कोणी विचारतच नाही." मला राग आला नाही. पोरगा खरे बोलला. म्हणून परत येण्याआधी मी त्या चारही घरी गेलो. कोणत्या खात्यात होता, पहिला पगार कोणत्या साली घेतला, भोंगा किती वाजता व्हायचा, हे मुलीने वहीत लिहून घेतले. सध्या सात पाने भरली आहेत. ज्या वाचकांच्या घरी विदर्भ मिलचे, फिनलेचे, शकुंतलेच्या गँगमधले किंवा लाकूडबाजारातले कोणी वडीलधारे असेल, त्यांनी त्यांच्या आठवणी या पानाच्या पत्त्यावर पोस्टकार्डाने पाठवाव्यात. अक्षर कसेही असो, आम्ही लावून घेऊ.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. सकाळी लवकर निघाल्यास हौज कटोरा, दर्गा, दुल्हा दरवाजा आणि लाकूडबाजार एका दिवसात होतात. दुसऱ्या दिवशी मुक्तागिरी करावे. परतवाड्यापासून जवळ, पण हद्द मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्याची. डोंगरकड्यावर ५२ जैन मंदिरे आणि मधून पडणारा धबधबा. पायऱ्या खूप आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावे. चिखलदरा परतवाड्याहून तीसेक किलोमीटर, पण थंड हवेसाठी जायचे असेल तर रविवार टाळा, गर्दीत हवा गरम होते. डबा घरून न्यावा.

परतीच्या दिवशी सासरे म्हणाले, "जवाईबापू, ठेसनावर चला." गेलो. फलाटावर गवत, रुळांच्या मध्ये बोरीची झुडपे. एक बाई रुळांवर गोवऱ्या वाळत घालत होती. सासरे वाकले, रुळावर कान ठेवल्यासारखे केले आणि मुलीला म्हणाले, "आम्ही पोट्टे असतांनी असंच करत होतो. पथ्रोटहून सुटली का इथं समजे." मुलीनेही कान लावला. मग गोवऱ्या घालणारी बाई म्हणाली, "मावशे, बाजूले सरक, मले इथून लावाच्या हायेत." आम्ही बाजूला झालो. साडेचारची बस गाठायची होती.